करवंटीतलं बाळंतपण

मागच्या भाषणात आपण गप्पी आणि मॉली या पिल्लं देणाऱ्या माशांबद्दल बोललो. त्यानंतर केंद्रावर जे फोन आले, त्यांत एक प्रश्न फिरून फिरून येत होता. ‘ताई, आमच्या टाकीत रंगीत माशांच्या जोडीनं अंडी घातली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नव्हतं. आईबापांनीच खाल्ली. आता पुढच्या वेळी अंडी लगेच काढून वेगळ्या भांड्यात ठेवायची का?’

या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे सांगायचं तर या माशांचं घर कसं चालतं ते आधी बघायला हवं. म्हणून आज फक्त एका घराण्याबद्दल बोलते. त्याचं नाव सिक्लिड.

नाव परकं वाटलं तरी मासा परका नाही. उजनीच्या पाणलोटातल्या बायका रोज जी चिलापी विकतात, ती सिक्लिडच. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून फिरते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत धड खातसुद्धा नाही. गोव्याकडं खाडीत मिळणारा कालुंदर हाही याच घराण्यातला. तो आपल्या देशातलाच, आणि त्याचे नर-मादी दोघं मिळून दगडाला चिकटवलेल्या अंड्यांवर पहारा देतात. म्हणजे पिल्लांची काळजी घेणं हा या घराण्याचा गुण आहे. गप्पी पिल्लू टाकते आणि मोकळी होते, पुढ्यात आलं तर गिळतेही. सिक्लिड तसे नाहीत. म्हणून त्यांनी अंडी खाल्ली तर समजायचं की काहीतरी बिघडलंय, आणि बहुतेक वेळा ते बिघडलेलं आपल्या हातात असतं.

या घराण्यात ऑस्करसारखे वीतभर वाढणारे आहेत, तसे बोटाएवढेच राहणारेही आहेत. त्यांना ड्वार्फ सिक्लिड म्हणतात, आपण खुजे सिक्लिड म्हणू. घरात ठेवायला हे बरे, कारण दोन फुटांच्या टाकीत एक जोडी सुखानं संसार करते. दुकानात यातले तीन सहसा मिळतात. क्रिबेन्सिस, ज्याला दुकानदार नुसतं क्रिब म्हणतात, दुसरा रॅम, आणि तिसरा ॲपिस्टोग्रामा. पहिल्यांदा करणाऱ्या बाईनं क्रिबच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. रॅम दिसायला देखणा, पण फार नाजूक.

क्रिब मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियाकडचा. शेजारच्या कॅमेरून देशात किनाऱ्यावर क्रिबी नावाचं गाव आहे, त्यावरून हे नाव पडलं. नर लांबट, चार इंचांच्या आतबाहेर. त्याच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा पर मागं टोकदार होत जातो. मादी आखूड, गोल पोटाची. ती अंड्यावर आली की तिचं पोट पिकलेल्या जांभळासारखं, कधी चेरीसारखं लालजांभळं होतं. दुकानातल्या उजेडात हा रंग दिसेलच असं नाही, म्हणून पर बघून ओळखायला शिका.

जोडी विकत घेताना दुकानदार म्हणेल, ‘हा नर, ही मादी, घेऊन जा.’ तसं करू नका. या माशांना जोडीदार निवडायची रीत आहे. जबरदस्तीनं एकत्र टाकलेले दोघं कधी जमवून घेतात, कधी एक दुसऱ्याला मारून टाकतो. पाच-सहा लहान पिल्लं एकत्र घ्यावीत, वाढू द्यावीत. पाच-सात महिन्यांत त्यातले दोघं एका कोपऱ्यावर हक्क सांगायला लागतात आणि बाकीच्यांना हाकलतात. ती आपली जोडी. उरलेल्यांना त्याच दिवशी दुसऱ्या टाकीत हलवायचं. शक्य असेल तर ही पिल्लं एकाच दुकानातून न घेता दोन ठिकाणांहून घ्या. शेळ्यांच्या कळपात बोकड बदलतो ना आपण, त्याच कारणासाठी.

आता टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच एवढी पुरे, पन्नासेक लिटर पाणी बसतं. तळाला बारीक, धुतलेली नदीची वाळू दोन बोटं जाडीची. एअर पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर लावायचा. मोटारीचा ओढणारा फिल्टर नको, त्यात पिल्लं ओढली जातात. एक-दोन झाडं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नारळाची करवंटी. दुकानात शोभेच्या गुहा मिळतात, पण आपली करवंटी त्याहून सरस. आतलं खोबरं आणि बाहेरच्या शेंड्या पूर्ण खरवडून काढा, दोन-तीनदा पाणी बदलून उकळा, नाहीतर पाणी आंबूस होतं. कडेला अंगठा जाईल एवढं भोक पाडा आणि पालथी ठेवा. भोक मोठं असलं तर मादीला सुरक्षित वाटत नाही. फुटकी मातीची कुंडीही चालते.

टाकी भरली आणि मासे सोडले, असं चालत नाही. लोणचं मुरतं तशी टाकी मुरावी लागते. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. तो पचवणारे सूक्ष्म जीव स्पंजवर वाढायला महिनाभर लागतो. कुणाकडं जुनी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा आणून घातला की काम लवकर होतं. सुरुवातीला एक-दोनच मासे सोडून, पाणी वरचेवर थोडं बदलत राहायचं.

पाण्याबद्दल आपल्या खेड्यातली एक खास गोष्ट सांगते. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर टाकलेली असते. ज्या दिवशी नळाला तो उग्र वास येतो, त्या दिवशीचं पाणी टाकीत ओतायचं नाही. एरवीचंही बादलीत उघडं चोवीस तास ठेवून मगच वापरायचं. बोअरचं पाणी असेल तर ते किती जड आहे ते बघा. त्यासाठी किट मिळतं, पण आपल्याला स्वयंपाकघरात कळतंच. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, ते जड पाणी. क्रिब त्यातही जगतो, मध्यम जड पाण्यात पिल्लंही काढतो. पण फार जड असेल तर पहिले दोन पाऊस सोडून पुढच्या पावसाचं पाणी स्वच्छ पिंपात धरून ठेवा आणि निम्मं-निम्मं मिसळा. देशी बदामाची दोन-तीन वाळलेली पानं टाकीत टाकली की पाणी चहासारखं फिकट तपकिरी होतं. त्याला घाबरू नका, या माशांच्या मूळच्या ओढ्यांचं पाणी तसंच असतं. पान हिरवं नको, झाडावरून आपोआप गळलेलं वाळकं हवं, आणि रस्त्याकडेच्या धुरातलं किंवा फवारणीच्या शेताजवळचं नको.

एवढं जमलं आणि जोडीला आठ-पंधरा दिवस चांगलं खायला मिळालं, म्हणजे डासांच्या अळ्या वगैरे, की गंमत सुरू होते. क्रिबमध्ये मागणी घालते ती मादी. ती नरासमोर येते, अंग धनुष्यासारखं वाकवते, ते लालजांभळं पोट त्याला दाखवते आणि थरथरते. मग करवंटीकडं जाते, परत येते, परत थरथरते. नर तयार असला तर मागोमाग जातो. दोघं मिळून करवंटीतली वाळू तोंडात भरभरून बाहेर आणून टाकतात. कधी कधी भोकापुढं वाळूचा ढीग होतो आणि जायला जेमतेम वाट राहते. आपल्याला वाटतं, अरे, हे बुजलं की. हात घालू नका. ती वाट त्यांनीच त्यांच्या मापाची ठेवलेली असते.

मग एक दिवस मादी दिसेनाशी होते. अंडी करवंटीच्या आतल्या छताला चिकटवलेली असतात, शंभर ते तीनशेपर्यंत. आपल्याला ती दिसत नाहीत, आणि पाहायला करवंटी उचलायचीही नाही. मादी आतच राहते, परांनी अंड्यांवर पाणी हलवत राहते, खराब झालेलं अंडं तोंडानं उचलून काढते. नर बाहेर राखण करतो. मादी खायला क्षणभर बाहेर येते आणि पुन्हा आत पळते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पण पिल्लं अजून पोहत नाहीत, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन एका जागी वळवळत असतात. आठव्या दिवसाच्या आसपास, बहुतेक सकाळी, मादी बाहेर येते आणि तिच्या पोटाखाली राखाडी ठिपक्यांचा एक ढग सरकताना दिसतो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाई हे बघायला स्टूल टाकून बसायच्या, टीव्ही बंद करून.

ही पिल्लं आईच्या खुणेवर चालतात. तिनं पोटाखालचे पर झटकले, अंगाला हिसका दिला, की सगळा ढग खाली वाळूला चिकटून गप्प होतो. धोका गेला की पुन्हा उठतो. एखादं पिल्लू लांब भरकटलं तर आई किंवा बाप त्याला तोंडात धरतो आणि घोळक्यात आणून थुंकतो. हेच पहिल्यांदा पाहणारीला वाटतं की खाल्लं! संध्याकाळी उजेड कमी झाला की सगळ्यांना परत करवंटीत नेतात, कितीतरी पिल्लं अशी तोंडातूनच आत पोचवतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येते. एवढं सगळं करणारे मासे अंडी खातात कधी?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे त्यांना भीती वाटते. आपण सारखं डोकावतो, काचेवर टकटक करतो, करवंटी उचलून मोबाईलचा उजेड पाडतो, पाहुण्यांना बोलावून दाखवतो. माशाच्या दृष्टीनं शत्रूला घर सापडलं. मग ती अंडी वाचणार नाहीत असं जणू धरून तो ती खाऊन टाकतो आणि पुन्हा नव्यानं घालायची तयारी करतो. त्याच्यासाठी हा शहाणपणाच आहे, अंगातली ताकद वाया जात नाही. म्हणून अंडी असताना टाकीच्या तीन बाजूंना जुनं वर्तमानपत्र चिकटवा. खोलीतला दिवा एकदम लावू-मालवू नका. आठ दिवस पाणी बदलणं, झाडं छाटणं सगळं बंद.

दुसरं कारण कच्चं वय. पहिलटकरीण जोडी पहिली एक-दोन वेळची अंडी बऱ्याचदा खाते. तिसऱ्या वेळी तीच जोडी पिल्लं वाढवते. इथं आपण घाई करतो, अंडी काढून घेतो, आणि जोडीला शिकायची संधीच मिळत नाही. बाजारात जे मासे पिढ्यान्‌पिढ्या अंडी काढून घेऊनच वाढवले जातात, त्यांच्यात आईबापपण कमी होत गेल्याची जाणकारांची तक्रार आहे, एंजल आणि रॅमच्या बाबतीत तर नेहमीची. आपण लहान प्रमाणावर काम करणाऱ्या बायका, आपल्याकडं जोडीला वेळ द्यायची सोय आहे. तो आपला फायदा आहे आणि तो सोडू नये.

तिसरं कारण अंडीच खराब असणं. नर कच्चा असेल किंवा पाणी फार जड असेल तर अंडी फळत नाहीत, पांढरी पडतात, त्यांवर कापसासारखी बुरशी येते. ती बुरशी चांगल्या अंड्यांवर पसरू नये म्हणून मादी ती खाते. सगळीच पांढरी झाली तर सगळीच खाते. अशा वेळी दोष तिचा नसतो, पाणी तपासा. आणि चौथं, टाकीत तिसरं कुणी असणं. विशेषतः काच साफ करायला म्हणून ठेवलेला सकर मासा. दिवसा गरीब दिसतो, रात्री अंधारात अंडी साफ करतो आणि नाव आईबापांवर येतं. प्रजननाच्या टाकीत सकर नको म्हणजे नको.

जोडीनं चौथ्या-पाचव्या खेपेलाही अंडी खाल्लीच, तर मग करवंटीसकट अंडी वेगळ्या भांड्यात त्याच टाकीच्या पाण्यात ठेवायची, शेजारी बुडबुड्यांची नळी सोडायची, पांढरी अंडी ड्रॉपरनं रोज काढायची. हे करता येतं. पण तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

पिल्लं पोहायला लागेपर्यंत त्यांना काही खायला घालू नका, बलकाच्या पिशवीवर त्यांचं भागतं. पोहायला लागली की त्याच दिवसापासून खाणं हवं आणि ते हलणारं, जिवंत हवं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे आर्टेमिया. माशांच्या दुकानात याच्या अंड्यांची डबी किंवा पुडी मिळते. प्लॅस्टिकची बाटली तळ कापून उलटी टांगा, लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम खडेमीठ विरघळवा, चिमूटभर अंडी टाका, एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडा आणि उजेडात ठेवा. २४ ते ३६ तासांत केशरी रंगाचे बारीक जीव वळवळताना दिसतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. फुटकी टरफलं वर तरंगतात, जीव खाली आणि उजेडाच्या बाजूला गोळा होतात. नळीनं तेवढेच ओढून मलमलच्या फडक्यात गाळा, साध्या पाण्यानं धुवा आणि पिल्लांजवळ सोडा. अर्ध्या तासात पिल्लांची पोटं केशरी दिसायला लागतात. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. उकडलेल्या अंड्याचा बलक घालायचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही, पाणी सडतं आणि सकाळी सगळं मेलेलं सापडतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला या माशांत सगळ्यात नवलाची वाटते. क्रिबच्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती, हे पाण्यावर अवलंबून असतं. पाण्याचा आंबटपणा मोजतात त्याला पीएच म्हणतात. सात म्हणजे मधलं, त्याखाली आंबट, वर खारट-अल्कली. पिल्लं पहिल्या महिन्यात आंबट पाण्यात वाढली तर नर जास्त निघतात, मधल्या पाण्यात माद्यांचं प्रमाण वाढतं. ॲपिस्टोग्रामाच्या बाबतीत पाण्याच्या उबेवर ठरतं. रोमर आणि बाइसेनहर्ट्झ या दोघा जर्मन अभ्यासकांनी याच्या तिसाहून जास्त जातींवर प्रयोग केले आणि ते १९९६ साली छापले. बहुतेक जातींत गरम पाण्यात नर जास्त, थंडीला माद्या जास्त निघाल्या.

आपल्याला याचा उपयोग सरळ आहे. दुकानदार जोड्या मागतो. शंभरातली नव्वद पिल्लं नर निघाली तर जोड्या दहाच. म्हणून क्रिबची पिल्लं काढताना बदामाची पानं बेतानं टाका आणि पीएच साडेसहा ते सातच्या आसपास ठेवा. पीएचच्या पट्ट्या किंवा थेंबांचं किट गटानं मिळून एक घेतलं तरी सगळ्यांना पुरतं. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक जण पटकन म्हणाली, ‘बरंय, इथं तरी मादीला कुणी बोल लावत नाही.’ हसलो सगळ्या, पण मग बराच वेळ त्यावरच बोलणं झालं. माणसात पाण्याचा काही संबंध नाही. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, आईच्या हातात त्यातलं काहीही नसतं. ज्या घरांत हे अजून सांगावं लागतं तिथं सांगा.

आता रॅम आणि ॲपिस्टोग्रामाबद्दल थोडक्यात. रॅम व्हेनेझुएला-कोलंबियातल्या उष्ण गवताळ प्रदेशातला. १९४८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते रामिरेझ नावाच्या मासे गोळा करणाऱ्याच्या नावावरून. आपल्या रामाशी त्याचा संबंध नाही, तसं विचारणारे भेटले आहेत म्हणून सांगते. हा करवंटीत जात नाही, उघड्या सपाट दगडावर अंडी घालतो आणि दोघं मिळून राखतात. त्याला पाणी २८-२९ अंश गरम आणि हलकं लागतं, म्हणजे हिवाळ्यात हीटर आला, वीज आली. जड पाण्यात अंडी फळतच नाहीत. पिल्लं इतकी बारीक की पहिले एक-दोन दिवस आर्टेमियाही मोठा पडतो. क्रिबच्या चार-पाच खेपा यशस्वी झाल्यावरच याच्या वाटेला जा.

ॲपिस्टोग्रामात काकाटू नावाचा प्रकार मिळतो, नराच्या डोक्यामागचे पराचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात म्हणून. यांची रीत वेगळी. एका नराच्या हद्दीत दोन-तीन माद्या, प्रत्येकीची आपली करवंटी. अंडी घातली की मादी गर्द पिवळी होते, अंगावर काळे डाग उठतात. त्या दिवसांत ती तिच्या दीडपट मोठ्या नराला जवळ फिरकू देत नाही. टाकी लहान असेल तर त्याला पळायला जागा राहत नाही आणि तो जखमी होतो, तेव्हा त्याला बाहेर काढणंच बरं. पिल्लं ती एकटी वाढवते.

क्रिबची पिल्लं आईबापांजवळ किती दिवस ठेवायची, असंही एकीनं विचारलं होतं. तीन-चार आठवडे. नंतर जोडी पुन्हा अंड्यांच्या तयारीला लागते आणि मोठ्या पिल्लांना हाकलायला लागते. मादीचं पोट पुन्हा रंगलं आणि ती करवंटी उकरायला लागली की पिल्लं मोठ्या टाकीत किंवा सिमेंटच्या हौदात हलवा. हौदावर जाळी हवी, खंड्या पक्षी फार हुशार असतो. एक इंचाची झाली की विकायला तयार. त्याला अडीच-तीन महिने लागतात. सगळी सारखी वाढत नाहीत, म्हणून दर पंधरा दिवसांनी मोठी आणि लहान वेगळी करा.

मादीला सारखं बाळंतपणात ठेवू नका, हेही सांगून ठेवते. दोन-तीन खेपा झाल्या की करवंटी टाकीतून काढून घ्या, महिना-दीड महिना विश्रांती द्या. करवंटी नसली की ती सहसा अंडी घालत नाही. थकलेल्या मादीची अंडी कमी होत जातात आणि ती लवकर मरते.

पैशाचं काय, हे विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. मी आकडा सांगणार नाही, कारण भाव जिल्ह्यागणिक आणि दुकानागणिक बदलतो. एवढंच सांगते की आधी गिऱ्हाईक बघा, मग टाक्या वाढवा. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावातले दोन-तीन दुकानदार गाठा, महिन्याला किती जोड्या घेतील ते विचारा. बरेच जण म्हणतील, आम्हाला गप्पी आणि गोल्डफिशच लागतो. मग तुमच्या भागात क्रिब चालणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. केवळ या माशावर संसार चालेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कोंबड्या-शेळ्यांना जोड म्हणून हा धंदा बरा. कर्ज काढून दहा टाक्या पहिल्याच दिवशी मांडायच्या नाहीत. एक टाकी, एक जोडी, एक वर्ष. त्यानंतर वाढवावंसं वाटलं तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी अनुदानाची तरतूद आहे, आणि त्या योजनेत महिलांसाठी ते ६० टक्क्यांपर्यंत ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेतायत का आणि कागद कोणते लागतात, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. मधला माणूस पैसे मागत असेल तर देऊ नका.

शेवटचा प्रश्न एका सासूबाईंचा होता आणि तो फार महत्त्वाचा आहे. ‘पिल्लं जास्त झाली तर विहिरीत सोडली तर चालतील का? डासही खातील.’ नाही चालणार, आजी. चिलापी १९५२ साली मुद्दाम परदेशातून आपल्या देशात आणली, खायला स्वस्त मासा मिळावा म्हणून. आज ती इतक्या तलावांत आणि नद्यांत पसरली आहे की तिथल्या मूळच्या माशांना जागा आणि खाणं कमी पडतं, आणि परत गोळा करायचा मार्ग नाही. टाकीत कंटाळा आला म्हणून सोडलेला सकर मासाही आता कित्येक जलाशयांत जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी अंगानं जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. नुकसान मच्छीमार बाईचंच. जे मासे आईबाप होऊन पिल्लं राखतात, ते नव्या पाण्यात लवकर पाय रोवतात. म्हणून क्रिबची पिल्लं विहिरीत नाही, ओढ्यात नाही, गावतळ्यात नाही. टाकी धुतलेलं पाणीसुद्धा ओढ्यात न सोडता परसातल्या झाडांना घाला, झाडांना ते फार मानवतं. पिल्लं जास्त झाली तर शेजारच्या गटाला द्या, शाळेच्या टाकीला द्या, दुकानदाराला कमी भावात द्या. आणि तरी उरत असतील तर करवंटी काढून घ्या.

पुढच्या भाषणात मासे पिशवीत ऑक्सिजन भरून एसटीनं बाजारात कसे न्यायचे ते सांगेन. तोवर कुणाची जोडी जमली तर केंद्रावर कळवा.